खाऱ्यात जगलेला आंबा

आमच्या गावात कोणी कोणाला 'जेवून जा' म्हणायला कधी मागेपुढे पाहिलं नाही, पण पाणी देताना मात्र हात आखडायचा. गाव पेणच्या खाली, खाडीच्या अंगाला. ह्या सगळ्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. बांधाच्या अलीकडे भाताची शेतं, पलीकडे चिखल आणि भरती-ओहोटीचं पाणी, आणि एका बाजूला मिठागर, जिथं बाबा कामाला जायचे. नजर जाईल तिकडे पाणीच होतं, फक्त ते तोंडात घालता येत नव्हतं. गोडं पाणी गावाबाहेरच्या तळ्याचं. शिमगा झाला की तळं आटायला लागायचं, मग बायका तळाशी खड्डे करून वाटीवाटीनं कळशी भरत बसायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांडी धुतलेलं पाणी कोंबड्यांना, अशी आमच्याकडे पाण्याची उतरंड होती. आता मी रोह्याजवळ वरशाला राहते, बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. नळ सोडला की पाणी येतं. पण शेजारच्या सूनबाई दात घासताना नळ वाहता ठेवतात, तो आवाज भिंतीपलीकडून ऐकू आला की माझं डोकं फिरतं. सून कोणाची, नळ कोणाचा, मला काय करायचंय; पण फिरतं.

घर मातीचं, कौलारू, दोन खोल्या आणि पुढे ओटा. शेतातलं पाणी खाडीत सोडायला बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. भरतीच्या रेट्यानं ते दार आपसूक मिटायचं, आणि त्याचा धप्प आवाज आमच्या चुलीपर्यंत यायचा. आय भाकरी थापता थापता म्हणायची, "आली गो भरती, चंद्रे, कोंबड्या आत घे." आमच्याकडे घड्याळ नव्हतं आणि त्याचं काही अडतही नव्हतं. खायला तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, ओहोटीला चिखलात मिळालेल्या निवट्या नाहीतर चिंबोऱ्या. थंडीत वरशाहून मामा वाल पाठवायचा, त्या दिवशी आय बिरडं करायची आणि बाबा एक भाकरी जास्त खायचे. हिरवं काही पिकवायचं तर खारेपाटात फार कष्ट. मातीतच मीठ. दारात एक शेवगा होता, दोन केळी होत्या, तुळस होती. तेवढंच आमचं रान.

माझा दादा, हिराजी, माझ्यापेक्षा बराच मोठा. मी पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायला लागले तेव्हा तो बाबांबरोबर मिठागरात उभा राहत होता. त्या पाण्यानं पायांना भेगा पडत आणि भेगांत मीठ जाई. संध्याकाळी ओट्यावर बसून दादा पायाला खोबरेल लावायचा आणि बाबांना ऐकू जाईल असं बोलायचा, "ह्या मिठानं बापाला खाल्लं, आता माझ्या पायांपासून सुरुवात केलीय." बाबा कानाआड करायचे. शेवटी एका जेठ महिन्यात त्यानं जाहीर केलं की तो मुंबईला गोदीत कामाला जाणार. आयनं दोन दिवस चूल पेटवली ती नुसती धुरासाठी, जेवणात काही लक्ष नव्हतं तिचं.

जायच्या आधी तो मामाचा निरोप घ्यायला वरशाला गेला. परत आला तो खांद्यावर तांबड्या मातीचं पोतं आणि पंच्यात बांधलेले मामाच्या दारचे रायवळ आंबे घेऊन. खारेपाटात झाड लावायचं तर आधी माती पाहुणी आणावी लागते. त्यानं अंगणाच्या कडेला दगड रचले, मधे ती माती ओतली, चांगला गुडघाभर उंचवटा केला. मग ओट्यावर बसून आम्ही दोघांनी आंबे चोखले, आणि एक कोय त्यानं त्या मातीत दाबली. तोंडात आंबा तसाच होता, हनुवटीवरून रस ओघळत होता, आणि तशातच तो मला म्हणाला, "पाणी घाल गो हिला. मी येईपर्यंत मारू नकोस." बस, एवढंच. थट्टेत बोललेलं वाक्य. त्याला वाटलंही नसेल की ह्या वाक्याला कोणी गाठ मारून ठेवील. पण आय दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात नियम झाला. पाण्याच्या उतरंडीत आंब्याची कळशी सगळ्यांच्या आधी. कोय फुटली, लालसर पानं आली, तेव्हा आय सगळ्या आळीला सांगून आली, "झाड हाय तवर माझा पोर हाय."

पहिल्या शिमग्याला दादा आला. माझ्यासाठी रिबिनी आणि आयसाठी प्लास्टिकची गुलाबी बादली. आमच्या आळीतली ती पहिली प्लास्टिकची बादली, ती बघायला बायका यायच्या. दादानं रोपाला हात लावला, म्हणाला, "बरी वाढवलीस गो," आणि दोन दिवसांनी गेला. पुढच्या गणपतीला आला नाही. शिमग्याला आला नाही. शेजारच्या गावचा एकजण गोदीत होता, तो सुट्टीला आला की सांगायचा, "बरा हाय, काम लय हाय." मग तोही यायचा बंद झाला. आय रोज संध्याकाळी रोपाजवळ जाऊन पानं मोजावीत तशी बघायची. एखादं पान पिवळं दिसलं की तिचा जेवणावरचा हात थांबायचा. मी शेंबडी पोर, पण मला कळत होतं की दादाचं बरं-वाईट आता माझ्या कळशीवर आहे. मी एक दिवस चुकवला नाही. ताप असताना गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली. बांध फुटला की आमच्याकडे खांड पडली म्हणतात, आणि तो शब्द कानावर आला की गावात कोणी दुसरं काही विचारत नाही. खाडी शेतात आली, शेतातून आळीत, आळीतून आमच्या ओट्यावर. आयच्या कमरेपर्यंत पाणी. बाबांनी आम्हा दोघींना होडीनं बाहेर काढलं आणि पेणला आत्याकडे पाठवलं. स्वतः बांध बांधायला गावाबरोबर मागे राहिले. होडीतून मी वळून वळून बघत होते. आमच्या उंचवट्याचे दगड दिसत नव्हते, रोपाचा शेंडा तेवढा पाण्यावर डोलत होता. मी आयला म्हटलं, "आय, आंबा." आयनं माझं तोंड पदरात घेतलं.

आत्याच्या घरी गणपतीचा कारखाना. पेणमध्ये श्रावण म्हणजे काय धांदल असते ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. फळ्यांवर फळ्या, फळ्यांवर गणपती, झोपायला जागा नाही. आम्ही गणपतींच्या रांगांखाली अंग मुडपून झोपायचो. ओल्या शाडूचा थंड वास, रंगाचा उग्र वास, आणि दिवसभर रेडिओ. आय लगेच कामाला लागली. मूर्तीवरून ओला ब्रश फिरवून अंग गुळगुळीत करायचं काम तिला दिलं होतं, मी रंगाच्या वाट्या धुवायचे. डोळ्यांची आखणी आत्याचे यजमान एकटेच करायचे. त्या वेळी रेडिओ बंद आणि आमची तोंडंही बंद. मुंबईचे ट्रक दाराशी लागले की आय हातातला ब्रश टाकून ड्रायव्हरकडे जायची. "गोदीतला हिराजी ठाव हाय का? उंच हाय, पायाला भेगा हायेत." एवढ्या मोठ्या मुंबईत पायाच्या भेगांवरून कोण कोणाला ओळखणार? ड्रायव्हर बिचारे हसायचे नाहीत, "बघतो मावशी" म्हणायचे.

मधे एकदा बाबा आले. पायरीवरच बसले. डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. चहा पिताना टॉवेल सरकला, तर डोकं चकोट. मी हसले. बाबा म्हणाले, "पाण्यात राहून राहून डोक्यात फोड आले, उवा झाल्या, भादरून टाकलं." आयनं त्यांच्या डोक्याकडे बघितलं, मग कप विसळायला आत गेली. बाबा उठले, मला जवळ घेतलं, असं कधी घेत नसत, आणि बांधाचं काम पडलंय म्हणून गेले. मी आपली तेवढ्यावर खूश.

गणपती झाल्यावर आम्ही घरी गेलो. आळीत शिरताच तो वास आला, कुजलेल्या भाताचा आणि चिखलाचा. शेवगा वाळून काळा पडलेला. केळी सडलेल्या. तुळशीची काटकी उरलेली. अंगणभर मिठाचा पांढरा थर, आणि त्या सगळ्यात उंचवट्यावर आमचा आंबा उभा, हिरवागार, नवी तांबूस पालवी घेऊन. आय जवळ गेली, बुंध्याला हात लावून उभी राहिली, आणि म्हणाली, "जगला गो." बाबा ओट्याचा खांब धरून आमच्याकडे बघत होते. उंचवट्याची माती नवी, तांबडी दिसत होती. मी विचारलं तर म्हणाले, वाहून गेली होती, घातली थोडी. दोन दिवस गाव बघायला येत होतं. शेजारच्या काशीकाकीनं एक पान बोटांत धरून पाहिलं, आयकडे पाहिलं, आणि "देवाची करनी बाय" म्हणून पदर सावरत निघून गेली. दादा जिवंत आहे ह्याबद्दल मला त्या दिवसापासून कणभर शंका उरली नाही. खाऱ्या पाण्याला जो पुरून उरला त्याला मुंबई काय करणार?

तो आंबा आजही आहे. ग्रामपंचायतीनं त्याला सिमेंटचा पार बांधलाय, पाटी लावलीय. उधाणात तगलेलं झाड म्हणून शाळेची पोरं तिथं आणतात, त्यांच्याकडून घोषणा म्हणवून घेतात. मागच्या वर्षी तिथल्या एका उत्साही तरुणाचा फोन आला, "आजी, आशेचं प्रतीक म्हणून दोन शब्द बोलायला या." मी म्हटलं, गुडघे दुखतात. दोन शब्दांत ते बसलं असतं तर गेले असते.

सातवी झाल्यावर मामा मुद्दाम वरशाहून आला. माझे मार्क त्याला कळले होते. "पोर हुशार हाय, रोह्याच्या शाळेत घालतो, माझ्याकडं राहील, माझ्या पोरींबरोबर जाईल-येईल." त्या शाळेत प्रयोगशाळा होती, काचेच्या नळ्या होत्या, मामेबहिणीनं मला सांगितलं होतं. मला जायचं होतं. आजही सांगते, त्या नळ्या मला स्वप्नात दिसायच्या. पण मी गेले तर आंब्याला पाणी कोण घालणार? आयचे सांधे धरलेले, बाबा दिवसभर मिठागरात. आणि झाड गेलं तर दादा. मी मान खाली घालून सांगितलं, "नाय मामा, दादा येईपर्यंत मी इथनं हलायची नाय." मामानं बाबांकडे पाहिलं. बाबा तंबाखू आणायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. आय भाकरी परतत म्हणाली, "तिचं मन नाय तर कशाला वढतोस?" एवढीच ती बैठक. माणसं त्या खोलीत चार होती, आणि आता मला माहीत आहे की त्यांतल्या तिघांना सगळं ठाऊक होतं.

मग आणखी तीन वर्षं मी पाणी वाहिलं. तळ्यावर जायचं, रांगेत बसायचं, वाटीवाटीनं भरायचं, आणि घरच्या पाण्याखेरीज एक कळशी वेगळी. तळ्याच्या वाटेवरून माझ्या वर्गातल्या दोन मुली पेणच्या शाळेला जायच्या. त्या दिसल्या की मी कळशी ह्या कमरेवरून त्या कमरेवर घ्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. केसांत खळगा पडला चुंबळीनं. आंबा माझ्या डोक्यावर गेला. रोज शेवटचा गडवा ओतताना मी हळूच म्हणायचे, "दादा, पी." हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी होती ती माणसं आता नाहीत.

मामाच्या मोठ्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा मी त्या बैठकीनंतर पहिल्यांदा वरशाला गेले. दोन दिवसांसाठी, आयला कळशीचं दहा वेळा बजावून. मांडव पडला होता, हळदीची गडबड. मामी म्हणाली, "चंद्रे, परसात जा, तोरणाला आंब्याचे टाळे घेऊन ये. कुंपणालगत हायेत बघ झाडं." गेले. कुंपणाला लागून आंब्यांची एक ओळ होती, सगळे एका वयाचे, माझ्या आंब्याएवढेच. एकसारख्या अंतरावर लावलेले, आणि मधे एक जागा मोकळी. टाळे घेऊन आले आणि सहज विचारलं, "मामी, मधला कुठं गेला?"

मामी तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तो तुमच्याकडं नाय का गेला? तुझ्या बाबांनी नेला ना गड्ड्यासकट, खांड पडली त्या साली. ते दिवस करायला नदीवर आले होते तवा." मग तिनं वर माझ्याकडे पाहिलं, आणि सूप तिच्या हातातून मांडीवर आलं. "बाय माझे," ती म्हणाली, "तुला अजून सांगितलं नाय?"

काही सांगायचं राहिलं नव्हतं. तरी मी मामाला गोठ्याकडे ओढत नेलं आणि सगळं वदवून घेतलं. बांध फुटल्यानंतर आठवड्यानं शेजारच्या गावचा तो गोदीतला माणूस बाबांना शोधत चिखलातून आला होता. दादाला कावीळ झाली, इस्पितळात नेला, तिथंच गेला. मुंबईच्या पोरांनीच त्याला अग्नी दिला होता. बाबांनी बांधावरचं घमेलं खाली ठेवलं ते थेट मामाकडे आले. कुंडलिकेच्या काठी दोघांनी मिळून दहावं-तेरावं केलं. बाबांनी डोकं भादरलं ते तिथं. "तुझ्या बाबाला एकच धास्ती," मामा म्हणाला, "तुझी आय खाडीत उडी घेईल. घरी आंबा मेलेला. मग मीच म्हटलं, ह्यातला एक घेऊन जा. एकाच झाडाच्या कोयी, कोणाला कळणार?"

लग्नघरात रडता येत नाही. मी हळद लावून घेतली, नवरीच्या हाताला धरून बसले, पंगतीत भात वाढला. लोक म्हणाले, पोर कामाची आहे.

परतीच्या एसटीत मला खिडकीशी जागा मिळाली आणि नागोठण्याच्या पुढे एकाएकी डोक्यात लख्खकन उजेड पडला. खाऱ्यात आंबा जगत नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खारं पाणी आठ दिवस मुळाशी राहिलं की शेवगा जात नाही होय, मग आंबा कसा राहील? म्हणजे फसवणारे बाबा आणि मामा दोघेच नव्हते. काशीकाकीला पान चिमटीत धरताच कळलं होतं. आम्हाला पाण्यातून काढणाऱ्या होडीवाल्याला कळलं होतं. तळ्यावर माझ्या कळशीला आधी नंबर देणाऱ्या बायकांना कळलं होतं, आणि मी समजत होते की त्या माझ्या भक्तीचा मान राखताहेत. अख्खा गाव चार वर्षं माझ्या तोंडावर 'देवाची करनी' म्हणत होता. मिठात जन्मलेली मी, मला कळू नये? पण मला कळून घ्यायचं नव्हतं, आणि ते सगळ्यांच्या सोयीचं पडलं. त्या वेळी मला जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही. उतरला असं म्हणाले तर खोटं होईल, आणि आमच्या घरात खोटं बोलून झालंय भरपूर.

बाबा मिठागराच्या बांधावर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "दादा कवा गेला?" विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पायाच्या भेगेतलं मीठ काडीनं काढत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आयसाठी केलं."

"आणि मी?"

मला वाटतं त्यांनी तो विचारच केला नव्हता. पोरगी पाणी वाहते, पोरी वाहतातच पाणी. शेवटी म्हणाले, "आयला सांगू नकोस, चंद्रे. मरंल ती." आणि हात जोडले. बापानं हात जोडल्यावर पोरीनं काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी घरी आले.

मी आयला सांगितलं नाही. मी फक्त पाणी घालणं सोडलं. वैशाखाचं ऊन होतं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. चार दिवसांनी पानं लोंबायला लागली. बाबा येता-जाता झाडाकडे बघत, माझ्याकडे बघत. मरू दे, मी म्हणत होते मनात. जे मेलंय ते मेलेलं दिसू दे एकदाचं. आठवडा झाला तशी आय ओट्यावर येऊन बसली. मी जवळा निवडत होते. उघाडीचं दार धप्प वाजलं, पण कोंबड्या आत घे असं ती म्हणाली नाही.

"पाणी घाल गो झाडाला," म्हणाली.

"कोणासाठी?" मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता. बाबांच्या जोडलेल्या हातांची मला आठवण होती, पण त्या क्षणी मला वाटलं, हिला कळू दे, माझ्यासारखं एका फटक्यात कळू दे.

आय म्हणाली, "वरशाला कोण बोललं? तुझी मामी?"

मी हातातला जवळा खाली टाकला. तिनं तो सूपात गोळा केला, खडे बाजूला केले, आणि मग सावकाश, भाकरीच्या पिठाबद्दल बोलावं तसं बोलली. "नवरा डोकं भादरून दारात आला की बाईला कळत नाय होय? उवा म्हणं. पेणला त्याच दिवशी समजली मी. त्यानंतर कवा ट्रकवाल्याला विचारलं का मी? मग हितं आले तर हा आंबा. खाऱ्यात आंबा जगतो का गो?"

"मग तू 'जगला' म्हणालीस."

"तुझा बाप खांब धरून उभा होता. त्यानं येवढा आटापिटा केलेला. त्याला वाटलं, बाईला वाचवली. वाटू दे म्हटलं. मी खाडीत जाऊन रडले, कालवं काढताना. चिखलात कोण बघतंय."

इथपर्यंत मी समजू शकले. खरंच सांगते, इथपर्यंत मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. बाबा तिला जपत होते, ती बाबांना जपत होती. पण त्या जपण्यात एक कळशी रोज कोणाच्या तरी कमरेवर होती ना? "आणि माझी शाळा?" मी म्हटलं. "मामा आला होता. मी दादासाठी नाय म्हटलं. तू तिथंच होतीस, भाकरी परतत होतीस. तेव्हा का नाय बोललीस?"

आयनं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, तिनंही सांगायचं. बाईमाणसाला काय करायची शाळा असं म्हणाली असती तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "पोरगा गेला. तू पण वरशाला गेली असतीस तर मी कोणाच्या तोंडाकडं बघून भाकऱ्या भाजायच्या? झाडानं तुला धरून ठेवली होती. मी म्हटलं, धरू दे."

ह्या वयात मी आई आहे, आजी आहे. माझी मुलगी परदेशी गेली तेव्हा दार लावून घेतल्यावर मला आयचं ते वाक्य शब्दन्शब्द आठवलं, आणि त्यातली भूक मला कळली. कळली म्हणून माफ झाली असं नाही. लोक ह्या दोन गोष्टींची फार गल्लत करतात. बाबांनी मला हिशेबातच धरलं नव्हतं, ते एक दुखणं. पण आयनं मला पुरतं ओळखून, माझ्या दादावरच्या मायेची दोरी करून मला दाव्याला बांधलं. बाबांचं खोटं मी पुढे त्यांच्या म्हातारपणी पोटात घातलं. आयचं खरं अजून घशात आहे.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. दोन परकर-पोलकी, सातवीचा दाखला. आयनं मला अडवलं नाही. बाबांनी पेणच्या स्टँडपर्यंत सोबत केली. एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाले, "झाडाला मी घालीन पाणी." मी म्हटलं, "घाला नायतर नका घालू." झाडाचा काय दोष होता, त्या बिचाऱ्यालाही कोणी विचारून आणलं नव्हतं. पण तेव्हा माझ्यात तेवढी दया उरली नव्हती.

वरशाला पोचले तेव्हा लग्नाचा मांडव उतरला होता, अंगणात खांबांचे खड्डे होते. मी मामाला म्हटलं, शाळेचं उद्या बघू, आधी मला नदीवर ने. तो नेईना, मग नेलं. कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असतं, गोडं पाणी, ओंजळीनं उचलावं असं. बायका धुणी धोपटत होत्या. मामानं लांबूनच एक दगड दाखवला, तिथं पिंड ठेवले होते म्हणाला. मी त्या दगडावर बसले आणि जे रडू लग्नघरात, एसटीत, बांधावर, ओट्यावर आलं नव्हतं ते आलं. आवाज काढून रडले. बायकांनी धोपाटणी थांबवली. मामा कावराबावरा झाला, माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिला. "गप गो चंद्रे, गप. आता कशाला रडतेस? चार वर्षं झाली त्याला."

मी म्हटलं, "तुमचा जाऊन चार वर्षं झाली, मामा. माझा आता गेलाय."

घरी आलो. मामी माझ्या नजरेला नजर देत नव्हती. तिनं पाट मांडला, पान वाढलं आणि पानात मुद्दाम लग्नाचे राहिलेले दोन बुंदीचे लाडू ठेवले. मी लाडू उचलून ताटलीत परत ठेवले आणि तिला सांगितलं, "गोड नको मामी. मला सुतक हाय."